सिकलसेल नष्ट का झाला नाही? नैसर्गिक निवडीचा हिशेब

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. आजाराचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांमध्ये चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. तेव्हापासून सिकलसेलच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या असल्या, तरी गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ, मेळघाट किंवा नंदुरबार या भागांतील कुटुंबांना हे नाव नवे नाही. शाळेत किंवा उपकेंद्रात बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेणे, पुढे तपासणीचा निकाल नोंदवलेले कार्ड हाती पडणे आणि मुलामुलीचे लग्न ठरवताना त्या कार्डाची दबक्या आवाजात चौकशी होणे, हे तेथील अनेक घरांनी अनुभवलेले आहे.

हा आजार संसर्गाने होत नाही. तो आई-वडिलांकडून येतो. आधुनिक उपचार मिळू लागण्यापूर्वी तो झालेली बहुतेक मुले वयात येण्याआधीच दगावत असत. मग एक प्रश्न साहजिकच पडतो. ज्या गुणामुळे मूल जगतच नाही, तो गुण पुढच्या पिढीत उतरायला नको. हजारो वर्षांत तो केव्हाच संपायला हवा होता. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील काही आदिवासी समूहांत हा गुण देणाऱ्या जनुकाच्या वाहकांचे, म्हणजे ते बाळगूनही स्वतः निरोगी असणाऱ्यांचे, प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. एवढे घातक जनुक एवढे सर्रास कसे झाले, याचे उत्तर नैसर्गिक निवडीत आहे, आणि नैसर्गिक निवड माणसाचे शरीर कशी घडवते हे दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

## रक्तात नेमके काय बिघडते

आपल्या तांबड्या रक्तपेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते. फुप्फुसात ते प्राणवायू उचलते आणि शरीरभर नेऊन सोडते. हिमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. या साखळ्यांची कडी म्हणजे अमिनो आम्ले. बीटा साखळीत अशी १४६ अमिनो आम्ले एका ठरावीक क्रमाने जोडलेली असतात. तो क्रम कोणता असावा याची सूचना पेशीतील आनुवंशिक द्रव्यात, म्हणजे डीएनएमध्ये, एका विशिष्ट जागी लिहिलेली असते. त्या जागेला त्या साखळीचे जनुक म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून.

सिकलसेलमध्ये बीटा साखळीच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे १४६ पैकी सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. बाकी १४५ जागा जशाच्या तशा असतात. हा बदल केवळ एका अमिनो आम्लाचा आहे, हे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये दाखवून दिले.

एवढ्याशा बदलाने जीव जाण्याइतके काय घडते, हे समजण्यासाठी व्हॅलिनला शर्टाचे बटण समजावे. हिमोग्लोबिनच्या रेणूवर या बटणाच्या मापाचे काजही असते, परंतु रेणू प्राणवायू धरून असतो तोवर ते काज मिटलेले असते. रेणूने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो, काज उघडते आणि शेजारच्या रेणूचे बटण त्यात अडकते. त्याला तिसरा अडकतो, तिसऱ्याला चौथा. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे पंचवीस कोटींहून अधिक रेणू असतात. ते असे जोडले जाऊन लांब, ताठ धागे तयार होतात आणि एरवी गोल व लवचीक असणारी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते.

अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांतून सहज जात नाहीत. त्या अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर ही पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते, म्हणून रुग्णाला रक्त कायम कमी पडते. प्लीहा हळूहळू निकामी झाल्याने लहान मुलांना जंतुसंसर्ग पटकन होतो आणि जिवावर बेततो.

येथे एक भेद पक्का ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढचा सारा लेख त्यावरच उभा आहे. ज्याला दोन्ही प्रती सदोष मिळाल्या तो सिकलसेलचा रुग्ण असतो. ज्याला एक प्रत सदोष आणि एक चांगली मिळाली तो वाहक असतो. वाहकाच्या रक्तात सदोष हिमोग्लोबिन साधारण ४० टक्के आणि चांगले त्याहून अधिक असते. चांगल्या रेणूंच्या गर्दीत धागे सहजासहजी तयार होत नाहीत आणि त्यामुळे वाहक व्यक्ती सामान्य, निरोगी आयुष्य जगते. वाहक असणे हा आजार नाही.

## नैसर्गिक निवड म्हणजे काय

चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. जनुक म्हणजे काय हे त्या काळी कोणालाच माहीत नव्हते, तरीही मूळ विचार आजही तसाच टिकून आहे. कोणत्याही समूहातील व्यक्ती एकमेकींपासून थोड्या वेगळ्या असतात. त्या वेगळेपणापैकी काही भाग मुलांत उतरतो. आणि जर एखाद्या वेगळेपणामुळे त्या परिस्थितीत जगण्याची व मुले होण्याची शक्यता वाढत असेल, तर पुढच्या पिढीत तो वेगळेपणा थोडा अधिक दिसतो. पिढ्यामागून पिढ्या हेच होत राहिले की समूहाचे शरीर त्या परिस्थितीला अनुरूप होत जाते. त्या अनुरूप गुणाला अनुकूलन म्हणतात.

या व्याख्येतील ‘त्या परिस्थितीत’ हे शब्द वाचताना अनेकदा नजरेतून निसटतात. चांगला गुण आणि वाईट गुण असे निसर्गाने कायमचे ठरवून ठेवलेले नाही. कोणत्या ठिकाणी, कोणत्या काळात, कोणत्या शत्रूसमोर तो गुण उभा आहे यावर त्याचा नफा-तोटा ठरतो. सिकलसेलच्या बाबतीत तो शत्रू म्हणजे हिवताप.

## दोन नकाशे एकमेकांवर बसले

विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. रुग्ण कॅरिबियनमधील ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला एक विद्यार्थी होता. पुढे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते हे दाखवले. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत असल्याचे प्रथमच सिद्ध झाले होते.

त्याच वर्षी ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी भूमध्य समुद्राच्या परिसरात आढळणाऱ्या थॅलेसेमियाविषयी एक धाडसी तर्क मांडला होता. या रक्तदोषाचे वाहक कदाचित हिवतापाला अधिक चांगले तोंड देत असावेत आणि म्हणूनच तो तेथे टिकून राहिला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. आपल्या देशातील सिकलसेलची कहाणी सांगताना त्यांची आठवण ठेवली जावी, असे मला मनापासून वाटते.

सिकलसेलच्या बाबतीत पुरावा मिळवला तो केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसन यांनी. केनियातील वेगवेगळ्या समूहांचे रक्त तपासताना त्यांना दिसले की समुद्रकिनाऱ्यालगत आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास वाहकांचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाते, तर उंच, थंड पठारावर ते एक टक्क्याहूनही कमी भरते. भाषा, वंश, चालीरीती यांपैकी कशाशीच हा फरक जुळत नव्हता. तो जुळत होता डासांशी. जेथे हिवतापाचा जोर तेथे सिकलसेल, जेथे हिवताप नाही तेथे सिकलसेलही नाही. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी दाखवून दिले की वाहकांना हिवतापापासून खरोखरच संरक्षण मिळते. त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांचा निष्कर्ष असा आहे की फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापाचे जीवघेणे रूप वाहकांमध्ये सुमारे ९० टक्क्यांनी कमी आढळते.

भारतात हे जनुक १९५२ मध्ये नीलगिरीतील आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत प्रथम नोंदवले गेले. पुढे तपासण्या वाढत गेल्या, तसा मध्य भारताचा जंगलपट्टा नकाशावर ठळक होत गेला. गडचिरोलीचे नाव महाराष्ट्राच्या हिवतापाच्या यादीत आजही वरच असते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही नकाशे येथेही कसे एकमेकांवर बसतात ते कळते.

## वाहकाच्या पेशीत जंतूची कोंडी कशी होते

डास चावल्यावर शरीरात शिरलेला हिवतापाचा जंतू आधी यकृतात वाढतो आणि मग तांबड्या पेशींत घुसतो. तेथे तो हिमोग्लोबिन खातो, आपली संख्या वाढवतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. फॅल्सिपेरम हा प्रकार विशेष घातक ठरतो, कारण त्याच्या ताब्यातील पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहतात. शरीरातील खराब पेशी गाळून काढण्याचे काम प्लीहा करते. चिकटून बसलेली पेशी प्लीहेपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून जंतू सुरक्षित राहतो. अशा पेशी मेंदूतील वाहिन्यांत दाटल्या की मूल बेशुद्ध पडते आणि अनेकदा वाचत नाही.

वाहकाच्या पेशीत मात्र हा डाव जंतूवरच उलटतो. चिकटण्यासाठी जंतू आपले एक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर आणून लावतो. वाहकाच्या पेशीत ते नीट लागत नाही आणि पकड ढिली राहते. प्राणवायू कमी असलेल्या भागात या पेशींत जंतूची वाढही खुंटते. शिवाय जंतूने ग्रासलेली पेशी इतर पेशींपेक्षा लवकर विळ्याचा आकार घेते आणि प्लीहा तिला ओळखून काढून टाकते. वाहकाला डास चावतो, जंतू शरीरात येतो, तापही येऊ शकतो. पण तो ताप मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेण्याची वेळ क्वचितच येते. ज्या वयात शरीराने स्वतःची प्रतिकारशक्ती अजून कमावलेली नसते, त्या पहिल्या काही वर्षांत या संरक्षणाचे मोल सर्वाधिक असते.

## हजार बाळांचा हिशेब

एका बाजूला रुग्णाचा मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला वाहकाचे रक्षण, यांचा मेळ कसा बसतो हे आकड्यांनीच नीट समजते. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत.

हिवतापाने ग्रासलेल्या एका प्रदेशात हजार बाळे जन्माला आली, असे समजू. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण दोन हजार. त्यांपैकी १८०० चांगल्या आणि २०० सदोष आहेत. लग्ने या जनुकाकडे न पाहता होत असतील, तर या हजारांत ८१० बाळांकडे दोन्ही प्रती चांगल्या असतील, १८० वाहक असतील आणि १० सिकलसेलचे रुग्ण असतील. उपचार नाहीत, म्हणून दहाही रुग्ण दगावतात. हिवतापाने दोन्ही चांगल्या प्रती असलेल्या ८१० पैकी दर नऊ बाळांमागे एक, म्हणजे ९० बाळे, मरतात. वाहक सर्व वाचतात.

आता काय उरले ते मोजू. दहा रुग्णांबरोबर २० सदोष प्रती गेल्या. त्या २०० पैकी होत्या, म्हणजे दहावा हिस्सा. हिवतापाने गेलेल्या ९० बाळांबरोबर १८० चांगल्या प्रती गेल्या. त्या १८०० पैकी होत्या, म्हणजे तोही दहावा हिस्साच. दोन्ही बाजूंची घट सारखीच झाल्याने सदोष प्रतींचे प्रमाण पुढच्या पिढीतही १० टक्केच राहिले. ते वाढून २० टक्के झाले असते, तर हजारात ४० रुग्ण जन्मले असते, सदोष प्रतींचा तोटा जास्त झाला असता आणि प्रमाण पुन्हा खाली आले असते. उलट ते एखाद्या टक्क्यावर असते, तर रुग्ण जवळजवळ जन्मलेच नसते, वाहकांचा फायदा तेवढा शिल्लक राहिला असता आणि प्रमाण वर चढले असते. याला संतुलित निवड म्हणतात. हिवतापाचा जोर कमी-जास्त असेल त्यानुसार हा समतोल वेगळ्या आकड्यावर ठरतो, आणि म्हणूनच केनियाच्या किनाऱ्यावर एक प्रमाण आणि पठारावर दुसरे दिसते.

या हिशेबात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की, ज्या दहा बाळांना आजाराची सारी किंमत मोजावी लागली, त्यांना फायद्यातला कणभरही वाटा मिळाला नाही. फायदा वाहकांना झाला. नैसर्गिक निवड व्यक्तीचे सुखदुःख पाहत नाही. पुढच्या पिढीत कोणत्या प्रती किती उरल्या, एवढ्यावरच तिचा निकाल ठरतो. म्हणून अनुकूलन या शब्दाचा अर्थ सर्वांच्या भल्याची सुधारणा असा घेऊ नये.

प्रत्येक अनुकूलनाला एवढी जबर किंमत असते, असेही नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील जवळजवळ सर्व लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचे एक प्रथिन नसते. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप याच प्रथिनाच्या आधारे पेशीत शिरतो, त्यामुळे त्याला तेथे थारा मिळत नाही, आणि डफी नसल्याने त्या लोकांचे फारसे काही बिघडत नाही.

## शरीराला गरज भासली म्हणून हा बदल झाला का?

नाही. हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही इतका पक्का आहे की त्याचे स्पष्ट निराकरण करणे आवश्यक आहे. हिवताप वाढला, शरीराने तो ओळखला आणि त्यावर उपाय म्हणून रक्त बदलले, असे काहीही घडलेले नाही. डीएनएची प्रत काढताना अधूनमधून चुका होतातच. त्या चुकांना उत्परिवर्तन म्हणतात. बीटा साखळीतील ही चूकही अशीच योगायोगाने झाली. हिवताप नसलेल्या प्रदेशात ती झाली असती, तर ती दुर्मीळच राहिली असती. हिवतापाच्या प्रदेशात मात्र ती चूक बाळगणाऱ्या वाहकांची मुले अधिक संख्येने वाचली आणि ती पसरली. चूक योगायोगाने होते. तिचे पसरणे योगायोगाने होत नाही.

ही परिस्थिती घडवण्यात माणसाचाही हात आहे. मानवशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टोन यांनी १९५८ मध्ये असे मांडले की पश्चिम आफ्रिकेत जंगल तोडून शेती सुरू झाली, उन्हात पाण्याची डबकी साचू लागली, माणसे एका जागी दाटीने राहू लागली आणि हिवताप पसरवणाऱ्या डासांना हवे ते सारे मिळाले. शेती आली म्हणून हिवताप वाढला आणि हिवताप वाढला म्हणून सिकलसेलचे जनुक वाढले. नैसर्गिक निवड फक्त रानात आणि फक्त प्राण्यांवर चालते असे मानणाऱ्यांनी ही साखळी जरूर लक्षात घ्यावी.

## मग वाहकांना मच्छरदाणीची गरज नाही का?

गरज आहे. संरक्षण मिळते ते गंभीर हिवतापापासून, आणि तेही शंभर टक्के नाही. वाहकाला हिवताप होऊ शकतो, आणि त्याच्या रक्तातील जंतू डासामार्फत इतरांपर्यंत पोहोचूही शकतो. रुग्णाच्या बाबतीत तर हा गैरसमज घातक ठरेल. दोन्ही प्रती सदोष असलेल्या व्यक्तीचे रक्त आधीच कमी असते आणि प्लीहा दुबळी असते. तिला हिवताप झाला तर प्रकृती झपाट्याने ढासळते. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला की वाट न पाहता आरोग्य केंद्र गाठले पाहिजे.

## हा केवळ आदिवासींचा आजार आहे का?

आपल्याकडे या आजाराला एका समाजाचे नाव चिकटले आहे आणि त्यातून कमालीचा अन्याय होतो. जनुकाला जात नसते. ग्रीसच्या काही भागांत, सिसिलीत आणि सौदी अरेबियाच्या पूर्वेकडील मरूद्यानांतही सिकलसेल आढळतो, कारण तेथेही एके काळी हिवताप ठाण मांडून होता. विदर्भात गोंड, माडिया, परधान यांच्याप्रमाणेच बिगरआदिवासी समाजांतही वाहक आहेत. भिल्ल आणि पावरा समाजांत प्रमाण जास्त आढळते याचे कारण त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाच्या रानात राहिले आणि लग्ने बहुतांशी समाजातच होत गेली. रक्तातला कोणताही कमीपणा यातून सिद्ध होत नाही. उलट, आज जिवंत असलेल्या प्रत्येक वाहकाच्या पूर्वजांपैकी कोणी ना कोणी या जनुकामुळेच बालपणीच्या हिवतापातून वाचले असण्याची शक्यता मोठी आहे.

भारतात आढळणाऱ्या प्रकाराचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. गर्भात असताना बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते. त्यात बीटा साखळी नसते, म्हणून सिकलसेलचे बाळ जन्मतः ठणठणीत दिसते आणि सहाव्या महिन्याच्या आसपास लक्षणे सुरू होतात. भारतातील अनेक रुग्णांमध्ये हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकते आणि आजाराची तीव्रता कमी करते. तरीही भारतातील सिकलसेल सौम्यच असतो असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. विदर्भात तीव्र वेदनांनी वारंवार रुग्णालयात भरती होणारी मुले कमी नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध हेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला जनुक-संपादनाचा उपचारही हाच मार्ग धरतो. बीटा साखळीतील चूक दुरुस्त करण्याऐवजी तो गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनवरचा लगाम सैल करतो.

## हिवताप कमी झाला, मग हे जनुक का जात नाही?

हजार बाळांचा हिशेब पुन्हा मांडू, पण या वेळी हिवतापाशिवाय. ८१० बाळे सुखरूप, १८० वाहकही सुखरूप आणि १० रुग्ण दगावले. २०० पैकी २० सदोष प्रती गेल्या, चांगली एकही गेली नाही. प्रमाण १० टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आले. एका पिढीत एवढाच फरक पडतो. याच गतीने ते निम्मे, म्हणजे ५ टक्के, व्हायला दहा पिढ्या लागतात. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर अडीचशे वर्षे. त्यानंतर ५ टक्क्यांचे अडीच टक्के व्हायला आणखी वीस पिढ्या लागतात.

गती मंदावते याचे कारण सरळ आहे. २०० सदोष प्रतींपैकी १८० वाहकांकडे आहेत, आणि वाहक निरोगी असल्यामुळे निवडीला त्या दिसतच नाहीत. जनुक जितके दुर्मीळ होत जाते तितके ते वाहकांमध्ये अधिक दडून राहते. त्यातच आता रुग्णांना लसी, प्रतिजैविके आणि हायड्रॉक्सीयुरिया मिळू लागले आहे. ते मोठे होतात, संसार करतात, आणि हे अत्यंत आनंदाचे आहे. त्यामुळे जनुकाची घट आणखी मंद होणार. आपण एका जुन्या परिस्थितीसाठी घडलेली शरीरे घेऊन नव्या परिस्थितीत जगत आहोत, आणि परिस्थिती शंभर वर्षांत बदलली तरी शरीराला त्याच वेगाने बदलता येत नाही.

## कार्ड जुळवून लग्ने केल्याने काय साधेल?

तपासणीची पद्धत पाहिली की कार्डावरील नोंदीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. गावपातळीवर प्रथम सोल्युबिलिटी टेस्ट होते. रक्ताचा थेंब एका रासायनिक द्रावणात टाकतात आणि नळीच्या मागे रेघा छापलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ते आहे. पण एवढ्यावरून वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा निकाल विश्वासार्ह नसतो. म्हणून पुढची तपासणी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पद्धतीने करतात. त्यात वाहकाचे दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन वेगवेगळे दिसते. ही दुसरी तपासणी झाल्याशिवाय कोणालाही रुग्ण म्हणू नये.

दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा अर्थ कोणी लावू नये. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. वाहकाचे लग्न चांगल्या दोन प्रती असलेल्या व्यक्तीशी झाले तर एकही मूल रुग्ण होत नाही, मात्र निम्मी मुले वाहक होण्याची शक्यता असते.

याचाच पुढचा निष्कर्ष निर्मूलनाच्या चर्चेत क्वचितच सांगितला जातो. दोन वाहकांची लग्ने पूर्णपणे थांबली, तर रुग्ण जन्मणे जवळपास बंद होईल, पण रुग्णांबरोबर नष्ट होणाऱ्या सदोष प्रतीही मग नष्ट होणार नाहीत. जनुकाचे प्रमाण कमी होणार नाही. ते आज आहे तेवढेच राहील. म्हणजे २०४७ पर्यंत निर्मूलन होऊ शकते ते आजाराचे, जनुकाचे नव्हे. तपासणीची एक मोहीम पार पडली की काम संपले, असे नियोजन केले तर पुढच्या पिढीतील वाहक अंधारातच राहतील.

आणि सर्वच लग्ने कार्ड पाहून होणार नाहीत, होऊही नयेत. दोन वाहकांनी एकमेकांची निवड करण्यात काही गैर नाही. गर्भधारणेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाच्या वारेतील पेशींचा नमुना तपासून बाळाच्या दोन्ही प्रती कशा आहेत हे सांगता येते. ही तपासणी मोठ्या शहरापुरती न राहता भामरागड, एटापल्ली किंवा धडगाव येथील जोडप्याला जिल्ह्याच्या ठिकाणी, वेळेत आणि विनाखर्च मिळाली, तर त्या जोडप्याला निर्णय स्वतः घेता येईल. त्यासाठी लग्नाआधीच्या कार्डाइतकीच लग्नानंतरच्या समुपदेशकाची नेमणूक महत्त्वाची आहे.